नोंदवहीत उतरलेले गणित

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या पालकांना ३० जून ही तारीख विसरून चालत नाही. वर्षभराच्या शिक्षणाचा हिशेब त्या दिवसापर्यंत द्यायचा असतो. हिशेब कसा द्यायचा, हे १९८८ साली झालेल्या ‘अ‍ॅक्ट १६९’ने ठरवले. वर्षात १८० दिवस शिक्षण व्हायला हवे, किंवा प्राथमिक वयात ९०० आणि माध्यमिक वयात ९९० तास. तिसरी, पाचवी आणि आठवी या इयत्तांत भाषेची व गणिताची प्रमाणित चाचणी. शिक्षण चालू असतानाच लिहिलेली (मागाहून आठवून लिहिलेली नव्हे) एक नोंदवही. मुलाने लिहिलेल्या, सोडवलेल्या, बनवलेल्या गोष्टींचे नमुने. आणि हे सगळे चाळून, मुलाशी समोरासमोर बोलून, पात्र शिक्षकाने किंवा मानसशास्त्रज्ञाने दिलेला लेखी अभिप्राय. आई-वडिलांपैकी कोणी शिक्षक असले तरी स्वतःच्या मुलाचा अभिप्राय त्यांना देता येत नाही.

पाठ्यपुस्तक समोर ठेवून शिकवणाऱ्या घरांना यात विशेष अडचण नव्हती. प्रकरणे संपवली, उदाहरणांची वही जोडली, काम झाले. अडचण होती ती पाठ्यपुस्तकाला फाटा दिलेल्या घरांची. त्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा वर्षभर कोंबड्यांचे खुराडे बांधतो, शेजाऱ्याचे गवत कापून पैसे मिळवतो, बेसबॉलच्या सरासऱ्या तोंडपाठ म्हणतो, रात्री संगणकावर खेळ रचत बसतो. कायद्याने माध्यमिक विषयांच्या यादीत गणितापुढे ‘सामान्य गणित, बीजगणित आणि भूमिती’ असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. मग या मुलाच्या दिवसांत बीजगणित कुठे आहे? आहे, असे आई म्हणत असेल तर ते दाखवायचे कसे? आणि तिच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा?

वरवर पाहता हा प्रश्न एका परक्या राज्यातल्या थोड्या कुटुंबांचा आहे. त्याच्या तळाशी मात्र असा प्रश्न आहे की, गणित येते म्हणजे नेमके काय येते आणि ते पाहायची जागा कोणती. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाशी निरनिराळ्या देशांतली माणसे, बहुतेक वेळा एकमेकांची खबरबात नसताना, झगडली आहेत. त्यांतला एक प्रयत्न आपल्या वर्ध्याचा आहे.

सक्तीच्या शाळेचा कायदा अमेरिकेत प्रथम मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला. शेवटचे राज्य मिसिसिपी, १९१८ मध्ये. या कायद्यांत पळवाटा होत्या. पेनसिल्व्हेनियात ‘योग्य पात्रतेच्या खाजगी शिक्षका’कडून शिकण्याची मुभा होती, पण पात्रता कोणती हे ठरवणारा तिथला शिक्षणाधिकारी. त्यामुळे एका जिल्ह्यात चालणारी गोष्ट शेजारच्या जिल्ह्यात गुन्हा ठरे. १९८८ मध्ये संघीय न्यायालयाने ही तरतूद संदिग्ध म्हणून अवैध ठरवली. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याआधी दोन निकाल झाले होते. अ‍ॅम्हर्स्टच्या एका कुटुंबाच्या खटल्यात १९७८ मध्ये न्यायालयाने मुलांना घरी शिकवण्याचा पालकांचा हक्क मान्य केला, त्यावर वाजवी देखरेख ठेवण्याचा सरकारचा हक्कही मान्य केला. १९८७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीचे घटक सांगितले : अभ्यासक्रम, तास, पालकांची क्षमता, साधने, आणि प्रगती तपासण्याची काही पद्धत. ही पद्धत प्रमाणित चाचणीच असावी असे बंधन नव्हते. प्रगतीचे अहवाल किंवा कामाचे नमुनेही चालतील, असे निकालात म्हटले होते. नोंदवहीला कायद्याच्या दारात प्रवेश मिळाला तो असा.

पण न्यायालयाने दार उघडले म्हणून वही जन्मली असे नाही. ती आधीपासून लिहिली जात होती, आणि तिच्या मुळाशी जॉन होल्ट हा माणूस आहे.

होल्ट (१९२३–१९८५) महायुद्धात पाणबुडीवर होता. पुढे तो पाचवीच्या मुलांना शिकवू लागला. बिल हल नावाच्या सहकाऱ्याबरोबर तो एकाच वर्गात काम करी. एकाने शिकवायचे, दुसऱ्याने मुलांकडे बघत बसायचे आणि संध्याकाळी टिपण लिहायचे. १९५८ पासूनच्या या टिपणांचेच १९६४ मध्ये ‘हाउ चिल्ड्रन फेल’ हे पुस्तक झाले. शिक्षणावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाचा कच्चा माल म्हणजे रोजनिशी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या टिपणांत गणिताचाच भरणा जास्त. एक प्रसंग फार बोलका आहे. १ ते १०,००० मधली एक संख्या शिक्षकाने मनात धरायची आणि मुलांनी प्रश्न विचारून ती शोधायची, असा खेळ. ‘५,००० ते १०,००० च्या मध्ये आहे का?’ उत्तर ‘हो’ आले की मुले आनंदाने ओरडत. ‘नाही’ आले की हळहळत. खरे तर दोन्ही उत्तरांतून मिळणारी माहिती अगदी सारखी. मुलांना संख्या शोधायचीच नव्हती, त्यांना ‘बरोबर’ हा शब्द ऐकायचा होता. हे कोणत्याही उत्तरपत्रिकेत दिसले नसते. कोपऱ्यात बसून पाहणाऱ्याला दिसले.

पुढे होल्टचा शाळासुधारणेवरचा विश्वासच उडाला. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याने बॉस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. ते २००१ पर्यंत चालले. त्याचा मोठा भाग वाचक-पालकांच्या पत्रांनी भरलेला असे, आणि त्या पत्रांत मुले घरी काय करतात याच्या बारीक नोंदी असत. गृहशिक्षणाच्या चळवळीत पुढे धार्मिक कारणांनी आलेली कुटुंबे संख्येने भारी झाली आणि त्यांपैकी अनेकांनी घरातच शाळा मांडली. तो वेगळा इतिहास आहे. पाठ्यपुस्तकाविना शिकणाऱ्या मुलाची नोंद हा प्रकार मात्र होल्टच्या वर्तुळातला. त्यात एक ताण सुरुवातीपासून होता. मुलाने काही शिकले की नाही हे सारखे तपासत राहिल्याने शिकणे बिघडते, असे होल्टचे ठाम मत. आणि वही तर तपासणाऱ्यासाठीच लिहायची. मूल गोट्या खेळते आहे आणि आई दाराआडून मोजते आहे, हे चित्र होल्टला फारसे आवडले नसते असे मला वाटते.

होल्टच्याही आधी, १९२९ मध्ये, एका सरकारी शिक्षणाधिकाऱ्याने याहून धाडसी गोष्ट करून पाहिली होती. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर या गिरणगावचा शाळा-अधीक्षक लुई बेनेझेट. त्याने काही वर्गांतून अंकगणित काढूनच टाकले. पाढे, भागाकार, अपूर्णांक सहावीपर्यंत शिकवायचेच नाहीत, असे ठरवले. त्याऐवजी मुलांनी वाचायचे, पाहिलेले सांगायचे, आणि अंदाज करायचे : ही खोली किती लांब, तो मनुष्य किती उंच, पोचायला किती वेळ लागेल. घड्याळ, दिनदर्शिका, पैसे हे प्रसंगाने येई तेवढेच. सहावीत औपचारिक अंकगणित सुरू झाले तेव्हा ही मुले आरंभी मागे होती, वर्षअखेर ती इतरांच्या बरोबरीला आली. १९३५–३६ मध्ये अमेरिकन शिक्षक-संघटनेच्या नियतकालिकात तीन लेख लिहून त्याने ही हकिगत सांगितली.

त्यातले एक उदाहरण पुढे फार गाजले. तळ्यात एक खांब रोवला आहे. निम्मा खांब गाळात आहे, उरलेल्याचा दोन तृतीयांश पाण्यात, आणि एक फूट पाण्यावर. तर खांब केवढा? नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांनी अर्ध्याला दोन तृतीयांशाने गुणा, त्यात एक मिळवा, नाहीतर आधी मिळवा आणि मग गुणा, असे हाती लागेल ते सुरू केले. अंकगणित न शिकलेल्या मुलांनी खांब डोळ्यांसमोर आणला. वरचा एक फूट म्हणजे उरलेल्याचा तिसरा हिस्सा. म्हणून गाळाबाहेर तीन फूट. म्हणून खांब सहा फूट. मराठी वाचकाला हे गणित ओळखीचे वाटेल. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त असाच एक यात्रेकरू आहे. निम्मे धन प्रयागला, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, उरलेल्याचा चौथाई जकातीत, मग उरलेल्याचे सहा दशांश गयेला देऊन तो ६३ निष्क घेऊन घरी परततो. (निघताना त्याच्याजवळ ५४० होते.)

बेनेझेटची गोष्ट गृहशिक्षणाच्या चर्चांत आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. प्रयोगासाठी त्याने निवडलेले वर्ग प्रामुख्याने स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतले होते, जिथे घरी इंग्रजी बोलणारे पालक दहांत एखादे. कारण त्याने स्वतःच सांगितले आहे : इंग्रजी येणाऱ्या, शाळेत शिकलेल्या पालकांनी आरडाओरडा केला असता. निष्कर्ष कितीही मोलाचा असो, ज्यांना नाही म्हणता येत नव्हते त्यांच्या मुलांवर तो काढला गेला. पेनसिल्व्हेनियातल्या आईचे निदान तसे नाही. ती स्वतःच्या मुलाची जोखीम स्वतः घेते. मात्र मूल नाही म्हणू शकते का, हा प्रश्न तिच्याही घरी उरतोच.

रोजच्या व्यवहारातले गणित खरेच गणित असते का, याची रीतसर तपासणी व्हायला १९८५ साल उजाडले. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या तीन संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. पद्धत साधी होती. गिऱ्हाईक होऊन जायचे, विकत घेताना प्रश्न विचारायचे, आणि पुढे काही दिवसांत तीच गणिते कागदावर घालायची. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोचा. शाळेत दहाने गुणताना शून्य लावतात. त्याने तो नियम वापरलाच नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते. आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. वर एक, ३५०. चार नारळांचा हिशेबही त्याने असाच चुटकीसरशी केला. पण कागदावर ३५ गुणिले ४ दिले तेव्हा हातचा आधी मिळवून मग गुणण्याचा घोटाळा झाला आणि उत्तर आले २००. बाजारात चार नारळांचे कोणी दोनशे मागितले असते तर या मुलाने त्याला वेड्यात काढले असते. एकूण निकाल असे : रस्त्यावर ९८ टक्के उत्तरे बरोबर, शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के, नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७ टक्के.

तिकडे कॅलिफोर्नियात जीन लेव्ह प्रौढांच्या मागोमाग बाजारात आणि स्वयंपाकघरात हिंडत होती. १९८८ च्या तिच्या पुस्तकातला एक गृहस्थ प्रसिद्ध आहे. आहारनियमात त्याला दोन तृतीयांश कप पनीरसारख्या पदार्थाचा तीन चतुर्थांश भाग घ्यायचा होता. त्याने दोन तृतीयांश कप भरला, फळीवर उलटा केला, थापून गोल केला, त्यावर चौकटीची फुली मारली, एक पाव बाजूला काढला आणि उरलेले वाढून घेतले. उत्तर अर्धा कप आहे हे त्याला कधी कळलेच नाही, आणि त्याचे काही अडलेही नाही.

हा गृहस्थ आमच्या नोंदवहीतला खरा पेच आहे. त्याने गणित केले का? कृती बिनचूक आहे, तिच्यामागे अपूर्णांकाची समजही आहे. पण उद्या दोन तृतीयांश भाग जमिनीचा असेल तर थापून गोल करता येणार नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. त्या पाठांतराची थट्टा करणे सोपे आहे. पण पाऊणकी येणाऱ्याला कापडाचाही पाऊण, धान्याचाही पाऊण आणि व्याजाचाही पाऊण एकाच ओळीत सापडे. व्यवहारासाठीच शिकवलेले ते गणित होते, आणि तरी ते कुठल्याही एका व्यवहाराला बांधलेले नव्हते.

म्हणूनच लहान मुलाची वही लिहिणे सोपे आणि किशोराची अवघड. आठ वर्षांच्या मुलीने केक करताना अर्धा कप दोनदा घेतला, हे खरे शिक्षण आहे. तीच नोंद पंधराव्या वर्षी आली तर ती नोंद नसून केविलवाणी सबब आहे. स्वयंपाकघराचे गणित बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक संपते. पुढे जे लागते, म्हणजे अज्ञात राशीला अक्षर देणे, एक बदलले की दुसरे कसे बदलते हे पाहणे, ‘असेच का’ याचे उत्तर देणे, त्याला सामग्री दुसरीकडे शोधावी लागते. ती नसते असे नाही. बेसबॉलवेड्या मुलाला फलंदाजीच्या सरासरीत एक गोष्ट लवकर कळते. एका सामन्यात चारपैकी दोन, दुसऱ्यात पाचपैकी एक, तर एकूण नऊपैकी तीन, म्हणजे .३३३. दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर .३५० येते आणि ती चूक असते. का चूक, हे त्याला सांगता आले तर संख्याशास्त्राची पहिली पायरी तो चढला. गवत कापणाऱ्याला यंत्राचा ठोक खर्च आणि दर अंगणामागचे पेट्रोल वेगळे मांडावे लागते. तो मांडतो ते रेषीय समीकरणच.

पण पालक बहुधा असे लिहीत नाहीत. चळवळीत शाळेच्या भाषेत भाषांतर करण्याची एक कला तयार झाली. मुलगा दुकानात गेला की ‘ग्राहक-गणित’, पत्ते खेळला की ‘संभाव्यता’, भिंत रंगवली की ‘क्षेत्रफळ’. अधिकाऱ्याला त्याच्या शब्दांत उत्तर द्यायचे, एवढाच हेतू, आणि त्यात खोटेही काही नसते. मात्र त्यामुळे नोंद रिकामी होते. नमुन्यादाखल मीच रचलेली एक नोंद घ्या : ‘खुराड्याचे छप्पर बांधले. भूमिती, मापन, गुणोत्तर. ३ तास.’ यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही. आईला शब्द माहीत आहेत एवढे कळते. आता हीच नोंद वेगळी लिहून पाहू. ‘छपराचा चढ १२ इंचाला ५ इंच. आडवे अंतर ६ फूट. वासा ७ फुटांचा लागेल असा त्याचा अंदाज. कागदावर काढल्यावर साडेसहा फूट आला. वळचणीसाठी १ फूट धरून साडेसात फुटांवर कापला. वर चढवल्यावर वळचण भिंतीपासून आडवी फूटभर पुढे येईना. अर्धा तास वासा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, वळचणसुद्धा तिरकीच आहे, ती १३ इंच धरायला हवी होती. पुढचे सगळे ७ फूट ७ इंचांचे कापले.’ यात पायथागोरस आहे, समरूप त्रिकोण आहेत, आणि मुख्य म्हणजे एक चूक आहे, जी लाकडाने दाखवली आणि मुलाने स्वतः दुरुस्त केली. दुसऱ्या नोंदीत विषयाचे नाव एकदाही आलेले नाही, आणि मूल्यमापकाला मुलाशी काय बोलावे हे तिच्यातूनच सुचेल. चढ १२ ला ९ असता तर? एवढा एक प्रश्न पुरे. (वळचण तेव्हा १५ इंचांची.)

कायदाही, नीट वाचला तर, याच दिशेने बोट दाखवतो. नोंदवहीत त्याने सक्तीने मागितली ती वाचलेल्या पुस्तकांची नावे. नमुन्यांमध्ये मात्र लेखन आणि सरावपत्रिकांच्या जोडीला मुलाने तयार केलेल्या ‘सर्जनशील’ वस्तूही धरल्या, आणि त्या एका शब्दातून गोधड्या, पक्ष्यांची घरे व संगणकाचे खेळ आत शिरले. ‘योग्य शिक्षण’ म्हणजे काय, तर ज्यात मुलाची सातत्याने प्रगती दिसते ते, अशी व्याख्या आहे. प्रगती दिसायची तर आधीचे आणि नंतरचे असे दोन क्षण लागतात. एकाच प्रकारच्या शंभर नोंदी तास दाखवतील, प्रगती दाखवणार नाहीत.

आणि काही गोष्टी कितीही बारकाईने लिहिले तरी वहीत येत नाहीत, कारण त्या दिवसात येत नाहीत. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हे कोणतेही खुराडे विचारत नाही. वर्गसमीकरण क्वचित कोणाच्या दारात येते. सिद्धता तर व्यवहाराला नकोच असते. छप्पर गळले नाही की त्याचे समाधान होते. वही हे जे आहे ते दाखवण्याचे साधन आहे, जे नाही ते दाखवण्याचे नव्हे. तिची लेखिका साक्षीदारही असते आणि वकीलही. म्हणून कायद्याने चाचणी आणि बाहेरच्या माणसाचे डोळे जोडले, हे मला जाच वाटत नाही. खटकते ते एवढेच की चाचणी आठवीत थांबते, म्हणजे नेमकी जिथे वही दुबळी होऊ लागते तिथे.

आता वर्धा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण-परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम आखला. त्यातले गणिताचे उद्दिष्ट आजही ताजे वाटते. हस्तोद्योगात आणि घर-गावच्या जीवनात उद्भवणारे संख्येचे व आकाराचे प्रश्न मुलाला झटपट सोडवता यावेत, जमाखर्च ठेवता यावा. मातृभाषेच्या उद्दिष्टांत रोजच्या घडामोडी सोप्या, स्वच्छ शैलीत लिहिता येणे हेही होते. म्हणजे वही होतीच, पण ती मुलाने स्वतः लिहायची होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याला हे सुचले नाही.

सुताचे गणित खरेच समृद्ध होते. चार फुटांचा एक तार. १६० तारांची लटी. चार लट्यांची, ६४० तारांची गुंडी. सुताचा नंबर काढायचा म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात ते पाहायचे. गुंडी जवळजवळ तेवढ्याच लांबीची, ८५३ वारांची. ती दोन तोळे भरली तर सूत साधारण २० नंबरी. एकच तोळा भरली तर साधारण ४० नंबरी. वजन निम्मे, नंबर दुप्पट. व्यस्त त्रैराशिक पाठ्यपुस्तकात शिकलेल्या मुलाला ‘मजूर वाढले, दिवस घटले’ हे मान्य करावे लागते. टकळीवाल्या मुलाच्या बोटांना ते समजलेले असते.

तरी नयी तालीमवर पहिल्यापासून जो आक्षेप आला तो ‘अनुबंधा’चा. प्रत्येक विषय टकळीला जोडायचा म्हणून शिक्षक ओढूनताणून जोडण्या करू लागले. कापसावरून इजिप्त, इजिप्तवरून पिरॅमिड, पिरॅमिडवरून घनफळ. दुकानात गेला की ‘ग्राहक-गणित’ लिहिणाऱ्या अमेरिकन आईचीच ही खोड, पन्नास वर्षे आधीची. दोन्हीकडे कारण एकच होते : वरच्याला प्रत्येक रकान्यात काहीतरी भरलेले हवे होते.

व्यवहारात गणित किती आणि कोणाच्या वाट्याला, याचे अधिक नेमके उत्तर मुंबईतून आले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मध्य मुंबईतल्या एका मोठ्या वस्तीतली, शाळेत जाणारी आणि घरच्या किंवा शेजारच्या उद्योगात हात घालणारी मुले अभ्यासली. चामड्याची पाकिटे, शिवणकाम, जरीकाम, कपड्यांचे लटकन असे हे उद्योग. सगळ्या मुलांना सारखेच ‘व्यवहारातले गणित’ मिळत नव्हते. कामाचा एकच तुकडा वाट्याला आलेल्या मुलाला मोजण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नसे. माल आणणे, माप ठरवणे, दर काढणे यांत ज्याचा भाग असे, त्याच्याजवळ प्रमाणाची आणि अपूर्णांकाची समज कितीतरी विस्तृत असे. काम सारखेच, वस्ती सारखीच. फरक पडे तो निर्णय कोणाच्या हातात यावर. पेनसिल्व्हेनियातल्या खुराड्यालाही हाच निकष लावता येईल. वडिलांनी खुणा करून दिल्या आणि मुलाने करवत चालवली, तर तास भरतील, गणित वडिलांचे होईल.

भारतात अशी वही लिहिली तर ती वाचणारा अधिकृत कोणी नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा विचार शाळेच्या चौकटीतच करतो. घरी शिकणाऱ्यांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. पुणे-मुंबईत आणि इतरत्र मुलांना घरी वाढवणारी मराठी कुटुंबे चौदा वर्षे पुरी झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देववतात, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तोवरच्या वह्या, असल्याच तर, माळ्यावर जातात. तीन तासांच्या पेपरात नारळवाल्या मुलाचे जे झाले ते यांतल्या काहींचे होत असणार. काहींचे होत नसणार.

पेनसिल्व्हेनियातही वहीचा प्रवास आता आखूड झाला आहे. २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत ती मूल्यमापकाच्या अभिप्रायासह शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर जात असे, आणि त्याचे समाधान झाले नाही तर सुनावणी होत असे. ‘अ‍ॅक्ट १९६’ने ते बंद केले. मूल्यमापक मुलाशी बोलतो, वही आणि नमुने पाहतो, आणि शिक्षण योग्य झाले अशा अर्थाचे प्रमाणपत्र देतो. ३० जूनपर्यंत कार्यालयात पोहोचतो तो एवढाच कागद. वही घरी परत येते.